डिलान्सी रस्त्याखालचं ट्राम टर्मिनस

न्यूयॉर्कमध्ये नोकरी करणाऱ्या एका तरुणाचा प्रश्न आहे: "मी रोज एसेक्स स्ट्रीट स्टेशनवरून मेट्रोची 'जे' गाडी पकडतो. रुळांच्या पलीकडे अंधारात भलीमोठी रिकामी जागा दिसते, नुसते खांबच खांब. तिथे पूर्वी ट्रामचं टर्मिनस होतं म्हणतात. ट्राम ही रस्त्यावरची गाडी, ती जमिनीखाली कशाला नेली? बंद का पडली? आणि मॅनहॅटनमध्ये एवढी जागा इतकी वर्षं पडून कशी राहते?"

तुम्हाला दिसतं ते ट्रामचंच टर्मिनस आहे. डिलान्सी रस्त्याच्या खाली, साधारण नॉरफोक रस्त्यापासून क्लिंटन रस्त्यापर्यंत ते पसरलेलं आहे. क्षेत्रफळ अंदाजे एकरभर. 1908 मध्ये सुरू झालं आणि 6 डिसेंबर 1948 ला तिथली ट्राम बंद झाली. म्हणजे चाळीस वर्षं चाललं, आणि रिकामं राहून त्याहून कितीतरी जास्त काळ झाला. माझी सगळी नोकरी रेल्वे आणि नंतर मेट्रोच्या मार्ग-आखणीत गेली. टर्मिनसमध्ये गाडी कुठून आत घ्यायची, कुठे उभी करायची आणि परत कशी फिरवायची, हेच माझं रोजचं काम होतं. त्यामुळे मुलीकडे न्यूयॉर्कला गेलो की एसेक्स स्ट्रीटला एक चक्कर ठरलेली. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून पुलापासून सुरुवात करतो.

1898 च्या 1 जानेवारीपर्यंत ब्रुकलिन आणि न्यूयॉर्क (म्हणजे मुख्यतः मॅनहॅटन) ही दोन वेगळी शहरं होती. मध्ये ईस्ट रिव्हर, आणि तिच्यावर एकच पूल, 1883 चा ब्रुकलिन ब्रिज. त्या एका पुलाला दोन शहरांचा भार झेपेना, म्हणून 1896 मध्ये उत्तरेला दुसऱ्या पुलाचं काम सुरू झालं. हा विल्यम्सबर्ग ब्रिज. लेफर्ट बक हे त्याचे मुख्य अभियंता. 19 डिसेंबर 1903 ला पूल खुला झाला तेव्हा त्याचा मधला गाळा, म्हणजे दोन मनोऱ्यांमधलं अंतर, 1,600 फुटांचा होता, ब्रुकलिन ब्रिजपेक्षा जेमतेम साडेचार फूट जास्त. तेवढ्यावर तो जगातला सगळ्यात लांब झुलता पूल ठरला आणि 1924 पर्यंत तो मान त्याच्याकडे राहिला. बक यांनी तो देखणा करण्यापेक्षा दणकट करण्यावर भर दिला. दिसायला तो ब्रुकलिन ब्रिजच्या पासंगाला पुरत नाही हे खरं. पण त्याच्यावर काय काय चढवायचं होतं ते पाहिलं की बक यांचं पटतं: मधोमध उन्नत रेल्वेचे दोन रूळमार्ग, बाजूंना ट्रामचे चार, शिवाय घोडागाड्यांचे रस्ते आणि पादचारी वाट.

ट्रामचे हे चार मार्ग दोन-दोनच्या जोड्यांत होते. उत्तरेची जोडी मॅनहॅटनच्या कंपन्यांच्या ट्रामसाठी, दक्षिणेची ब्रुकलिनच्या ट्रामसाठी. पूल एकच, शहरही तोवर एकच झालेलं, मग वाटणी कशाला? कारण दोन्हीकडच्या ट्राम वीज वेगवेगळ्या पद्धतीने घेत.

ब्रुकलिनमध्ये रस्त्यावर तार टांगलेली असे. ट्रामच्या टपावर लांब दांडा, त्याच्या टोकाला छोटं चाक, ते तारेला खालून टेकून पळे. ह्याच दांड्यावरून अमेरिकेत अशा ट्रामला 'ट्रॉली' म्हणायला लागले. ब्रुकलिनच्या रस्त्यांवर त्या इतक्या होत्या की तिथल्या बेसबॉल संघाचं 'डॉजर्स' हे नावही ट्रॉली चुकवत रस्ता ओलांडणाऱ्या ब्रुकलिनकरांवरून पडलं. मॅनहॅटनमध्ये मात्र तार टांगायला मनाई. 1888 च्या मार्चमधल्या बर्फवादळात टेलिग्राफच्या आणि विजेच्या तारा खांबांसकट रस्त्यावर आल्या आणि त्यानंतर शहराने तारांचं जाळं जमिनीखाली घालायला लावलं. त्यामुळे तिथली ट्राम दोन रुळांच्या मधोमध असलेल्या फटीतून वीज घेई. फटीखाली नळीसारखा चर, चरात विजेच्या पट्ट्या, आणि गाडीच्या पोटाखालून नांगराच्या फाळासारखं एक पातं त्या फटीत उतरलेलं.

म्हणजे ब्रुकलिनची ट्राम पूल ओलांडून मॅनहॅटनच्या काठावर आली की पुढे तिच्यासाठी वीजच नाही. आपल्याकडे रेल्वेने नाशिककडे जाणाऱ्यांना इगतपुरीचा थांबा आठवत असेल. डीसी आणि एसी विजेची हद्द तिथे होती, म्हणून इंजिन बदलायला गाडी थांबायची. डिलान्सी रस्त्यावर बदलायला इंजिन नव्हतं. अख्खी ट्रामच मागे फिरायची आणि माणसं उतरून पुढची वाट धरायची. त्यात कंपन्याही वेगळ्या, त्यांचे हिशोबही वेगळे.

हे टर्मिनस माझ्या मते समजून घ्यायचं ते असं: प्रवाशांना तिथे यायचं होतं म्हणून ते बांधलं गेलं नाही, ट्रामला पुढे जाता येत नव्हतं म्हणून बांधलं गेलं. त्याचं पुढे जे झालं ते ह्यातच आहे, ते खाली येईलच.

पूल खुला झाल्याच्या पुढच्याच वर्षी ट्राम सुरू झाल्या आणि त्या मॅनहॅटनच्या टोकाला रस्त्यावरच वळून परत जात. ती वस्ती कोणती होती हे ध्यानात घ्या. लोअर ईस्ट साइड, पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांनी, इटालियनांनी खचाखच भरलेल्या चाळी. 1910 च्या जनगणनेत मॅनहॅटनची लोकसंख्या 23 लाखांवर गेली, तेवढी ती पुन्हा कधीच झाली नाही, आणि त्यातही सगळ्यात दाट भाग हाच. खोलीत दाटीवाटीने राहणारी कुटुंबं चार पैसे जमले की पुलापलीकडे विल्यम्सबर्गला जागा घेत. काम, बाजार, नातेवाईक मात्र अलीकडेच. म्हणजे सकाळ-संध्याकाळ पुलावरून ये-जा. पुलासाठी डिलान्सी रस्ता रुंद केला होता तरी हातगाड्या, घोडागाड्या, पायी माणसं आणि त्यांच्यात वळणाऱ्या ट्राम, एवढं सगळं त्या चौकात मावेना. ट्राम जमिनीखाली नेण्याचं कारण ते. त्याच सुमाराला उन्नत रेल्वेसाठीही पुलाच्या पायथ्याशी भुयारी स्टेशन खोदायचं होतंच. ते म्हणजे तुमचं एसेक्स स्ट्रीट. 16 सप्टेंबर 1908 ला पुलावरून पहिली रेल्वेगाडी तिथे आली. एकदा रस्ता खणलाच आहे तर बाजूची जागाही खणून तिथे ट्राम फिरवायच्या, हा व्यवहार सरळ होता.

बांधकाम आज आपण ज्याला कट अँड कव्हर म्हणतो त्या पद्धतीचं. वरून खड्डा घ्यायचा, पोलादी खांब उभे करायचे, तुळया टाकायच्या, वर पुन्हा रस्ता. खोली फार नाही. पुलावरून उतरत आलेल्या ट्रामला थोडं आणखी उतरवलं की ती रस्त्याच्या पोटात. छताला तुळयांमधून बुटक्या कमानी दिसतात आणि जमिनीला जुनी दगडी फरसबंदी. ट्राम खाली आली तरी तार तिच्यासोबत खाली आणता आली, कारण मनाई रस्त्यावर तार टांगायला होती. ब्रुकलिनच्या ट्रामला मॅनहॅटनमध्ये जागा मिळायची तर ती जमिनीखालीच मिळू शकत होती.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो: आतली रचना.

टर्मिनसमध्ये गाडी परत फिरवायचे दोन मार्ग. एक, रूळ संपतो तिथे गाडी थांबवायची, चालकाने ह्या टोकाकडून त्या टोकाला जायचं आणि उलट निघायचं. आपल्या लोकल चर्चगेटला हेच करतात. ट्रामच्या बाबतीत ह्यात आणखी एक खटपट असे. टपावरचा दांडा तारेवरून उतरवायचा, दोरीने ओढून उलट दिशेला फिरवायचा आणि पुन्हा तारेवर बसवायचा. शिवाय परत जाताना येणाऱ्या मार्गाला आडवं जावं लागे, म्हणजे मागून येणारी ट्राम तोवर थांबलेली. दुसरा मार्ग म्हणजे लूप, फुग्याच्या आकाराचा फेरा. गाडी आत येते, वळसा घालते, तोंड आपोआप फिरलेलं असतं. चालक आपल्या जागेवर, दांडा आपल्या दिशेला, आडवं कोणाला जायचं नाही. मुंबईच्या ट्रामची खूण आता 'दादर टीटी' ह्या नावात उरली आहे. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस.

डिलान्सी रस्त्याखाली असे 8 लूप होते, शेजारी शेजारी. ब्रुकलिनच्या नॉस्ट्रँड, टॉम्पकिन्स, राल्फ अशा वेगवेगळ्या रस्त्यांवरून येणाऱ्या ट्राम पुलावर एका ओळीत येत आणि खाली उतरल्यावर लूपांमध्ये विभागल्या जात. प्रवासी जिना उतरून आला की आपला लूप गाठून उभा राही. ही आठची सोय किती मोठी होती ते मी कागदावर करून पाहिलं. समजा एका ट्रामने लूपमध्ये येणं, माणसं उतरवणं, भरणं आणि निघणं ह्याला 3 मिनिटं लागली. तर एका लूपवर तासाला 20 गाड्या, आठांवर 160. म्हणजे पुलाच्या रुळावरून दर साडेबावीस सेकंदांना एक ट्राम आत यायला हवी. रेल्वेत सिग्नलने रुळाचे टप्पे पाडून एका टप्प्यात एकच गाडी सोडतात, तसं ट्रामला नसे, चालक पुढची गाडी डोळ्यांनी पाहून अंतर ठेवे, म्हणून इतक्या जवळजवळ गाड्या सोडणं शक्य होतं. तरीसुद्धा अडचण लूपांमध्ये आली नसती. आली असती ती तोंडाशी, जिथे एका मार्गाचे आठ होतात त्या सांध्यांवर. हा माझा हिशोब आहे, तिथे प्रत्यक्ष किती ट्राम धावल्या त्याचा आकडा नव्हे. पण 1908 मध्ये ज्याने हा आराखडा काढला त्याला टर्मिनसचं मर्म कळलं होतं, हे मी छातीठोकपणे सांगतो. आजही नव्या आराखड्यांत फलाट भरपूर आणि तोंड अरुंद अशी चूक मी कितीदा पाहिली आहे.

लूपची किंमतही होती. ट्रामची लांबी आणि तिच्या दोन बोगी (बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, डब्याखालची चाकांची चौकट) ध्यानात घेता वळणाची त्रिज्या साधारण 11-12 मीटरपर्यंत खाली आणता येते, त्याहून फार कमी नाही. आगगाडीच्या मानाने हे वळण अतिशय तीव्र. ट्रामची दोन चाकं एका आसावर पक्की बसवलेली असतात, ती वेगवेगळ्या गतीने फिरू शकत नाहीत. पण वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. गंमत अशी की हा फरक त्रिज्येवर अवलंबून नसतो, रुळांमधल्या अंतरावर असतो. अर्धवर्तुळ पूर्ण करताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा साधारण साडेचार मीटर जास्त जातं. चाकं तर सारखीच फिरतात. म्हणजे तेवढं अंतर कोणतं तरी चाक रुळावर घासतच जाणार. तीव्र वळणावर बोगी तिरकी बसते, त्याचं घासणं वेगळंच. त्या सगळ्याचा आवाज होतो, कानात सुई टोचावी तसा. रूळ झिजतो, वंगण सतत घालावं लागतं.

तो आवाज आज डिलान्सी रस्त्याखाली ऐकू येणार नाही, पण ऐकायचाच असेल तर बॉस्टनला जा. 1 सप्टेंबर 1897 ला तिथे उत्तर अमेरिकेतला पहिला भुयारी मार्ग सुरू झाला, तोही ट्रामसाठीच. ट्रेमाँट रस्त्यावर एकामागे एक ट्रामची रांग लागे, ती हटवायला ट्राम खाली घेतल्या. बॉइलस्टन स्टेशनजवळ भुयार रस्त्याच्या कोपऱ्याबरोबर काटकोनात वळतं. मी तिथे फलाटाच्या टोकाला उभा होतो. आधी बोगद्यात उजेड दिसला, मग गाडीचं नाक वळणातून आलं, आणि मागचा डबा अजून वळणात असतानाच जो चीत्कार उठला त्याने शेजारच्या बाईंनी कडेवरच्या मुलाचे कान हातांनी झाकले. त्यांच्या हाताला सवय होती. गाडी थांबली, दारं उघडली, माणसं चढली. हे 1897 चं भुयार आहे आणि ह्या क्षणीही तिथून ट्राम जात असणार. एसेक्स स्ट्रीटला आठ लूपांवर एकाच वेळी असे आवाज कमानींखाली घुमत असतील, तेव्हा काय कल्लोळ असेल ह्याचा अंदाज तुम्हीच करा.

तर मग एवढं विचारपूर्वक बांधलेलं टर्मिनस चाळीस वर्षांत का संपलं?

लोक सहसा मोटारगाड्यांवर खापर फोडतात. त्यात तथ्य आहे. पुलावरची जागा मोटारींना हवी होती आणि ट्रामच्या मार्गांची जागा शेवटी त्यांनाच मिळाली. महापौर ला गार्डिया ह्यांना ट्राम जुनाट वाटे, त्यांच्या काळात बसला झुकतं माप मिळालं. 1940 मध्ये शहराने ब्रुकलिनची ट्राम आणि रेल्वे दोन्ही ताब्यात घेतल्या, त्यानंतर एकेक ट्राम बंद होऊन तिथे बस येत गेली. 1956 मध्ये ब्रुकलिनमधली शेवटची ट्रामही थांबली.

पण माझ्या दृष्टीने ह्या टर्मिनसचा खरा प्रतिस्पर्धी त्याच्या शेजारीच, अगदी त्याच छताखाली होता. उन्नत रेल्वे 1908 मध्ये एसेक्स स्ट्रीटपर्यंतच येत होती, म्हणजे तीही प्रवाशाला ट्रामइतकंच आणून सोडे. 1913 मध्ये तिचं भुयार पुढे चेंबर्स स्ट्रीटपर्यंत, थेट महापालिकेच्या दारापर्यंत गेलं. 1931 मध्ये आणखी दक्षिणेला ब्रॉड स्ट्रीटपर्यंत, म्हणजे वॉल स्ट्रीटच्या कचेऱ्यांपर्यंत पोचलं. ट्राम तिथेच राहिली. नाणं तेच, पाच सेंटचं. विल्यम्सबर्गच्या मार्सी अॅव्हेन्यूला उभा असलेला माणूस त्या नाण्यात कामाच्या जागेपर्यंत जाऊ शकत असेल, तर डिलान्सीला उतरून पुढची चाल कशाला घेईल? 1924 मध्ये पूर्वेकडून चौदाव्या रस्त्याखाली येणारी नवी भुयारी गाडी सुरू झाली, 1936 मध्ये डिलान्सी रस्त्यावरच नव्या सरकारी भुयारी मार्गाचं स्टेशन आलं. त्याच वर्षांत लोअर ईस्ट साइड रिकामी होत होती. 1924 च्या कायद्याने युरोपातून येणाऱ्यांची संख्या आवळली, आणि आधी आलेल्यांची मुलं ब्राँक्सला, ब्रुकलिनच्या आतल्या भागात जाऊन राहिली. पुलाच्या पायथ्याशी येऊन थांबणाऱ्या गाडीचं गिऱ्हाईक दोन्ही बाजूंनी आटलं. उत्तरेच्या जोडीवरची मॅनहॅटनची ट्राम तर आधीच संपली होती. डिसेंबर 1948 मध्ये ब्रुकलिनची पुलावरची शेवटची ट्राम गेली आणि तिची फेरी बी-39 बस करायला लागली.

ह्याचा पडताळा त्याच शहरात मिळतो. क्वीन्सबरो ब्रिज 1909 चा. त्याच्याही मॅनहॅटनच्या टोकाला, सेकंड अॅव्हेन्यू आणि 59 व्या रस्त्याजवळ, ट्रामचं असंच भुयारी टर्मिनस होतं. ते एसेक्स स्ट्रीटनंतर आठ वर्षांहून जास्त टिकलं, 7 एप्रिल 1957 पर्यंत. तीच त्या राज्यातली शेवटची ट्राम. ती का टिकली? पुलाच्या मध्यावर, नदीतल्या वेल्फेअर आयलंडच्या बरोबर वर, ती थांबे. तिथून लिफ्टने खाली बेटावर उतरता येई. बेटावर रुग्णालयं होती. परिचारिका, रुग्णांचे नातेवाईक, कामगार ह्यांना तिथे पोचवणारं दुसरं सोयीचं साधन नव्हतं. 1955 मध्ये क्वीन्सच्या बाजूने बेटावर स्वतंत्र पूल झाला, आणि दोनच वर्षांत ट्राम बंद. जोवर ती ट्राम दुसरं कोणी करत नव्हतं असं काम करत होती, तोवर तिला आणि तिच्या टर्मिनसला कोणी हात लावला नाही. त्या टर्मिनसवर जिन्यांवरच्या पाच सुंदर टपऱ्या होत्या. त्यांतली एक आता त्याच बेटावर, म्हणजे आजच्या रूझवेल्ट आयलंडवर, केबलमार्गाच्या स्टेशनाशेजारी ठेवली आहे. मुलांना घेऊन जाल तेव्हा जरूर पाहा, भाजलेल्या मातीच्या नक्षीचं काम आहे.

फिलाडेल्फियाचंही सांगायला हवं. तिथे मार्केट स्ट्रीटखाली ट्राम गेल्या शतकाच्या सुरुवातीला भुयारात गेली आणि 13 व्या रस्त्यापाशी आजही वळसा घेऊन परत जाते. पण ते टर्मिनस शहराच्या मध्यात आहे, लोकांना उतरायचंच आहे तिथे. बॉस्टनच्या पार्क स्ट्रीटचंही तसंच.

आता तुमचा तिसरा प्रश्न, जागा पडून का.

प्रयत्न झाले आहेत. त्यातला सगळ्यात मोठा 'लोलाइन'. जेम्स रॅमसे नावाचे वास्तुरचनाकार आणि त्यांचे सहकारी डॅन बराश ह्यांनी मांडलेली कल्पना: ह्या टर्मिनसमध्ये भुयारी बाग करायची. इमारतीच्या छतावर आरशांनी ऊन गोळा करायचं, नळ्यांतून आणि काचतंतूंमधून खाली आणायचं आणि छतावरून पसरायचं. जुन्या उन्नत मालगाडीच्या मार्गावर त्याच शहरात 'हाय लाइन' ही बाग झाली होती, तिच्या जोडीला ही खालची. 2012 मध्ये किकस्टार्टर ह्या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर तीन हजारांहून जास्त लोकांनी मिळून दीड लाख डॉलरच्या वर पैसे दिले. 2015 च्या ऑक्टोबरमध्ये एसेक्स रस्त्यावरच्या एका जुन्या बाजाराच्या इमारतीत त्यांनी नमुना उभारला, त्यात 3,000 च्या वर रोपं होती, अननससुद्धा. 2017 च्या सुरुवातीला तो बंद होईपर्यंत लाखभर लोकांनी पाहिला. मधल्या काळात, 2016 च्या जुलैमध्ये, शहराने तत्त्वतः मंजुरी दिली, पण वर्षभरात 1 कोटी डॉलर उभे करण्याची अट घालून. एकूण खर्च 8 कोटी डॉलरच्या आसपास धरला होता. पैसा उभा राहिला नाही आणि 2020 च्या फेब्रुवारीत काम थांबल्याचं जाहीर झालं.

मला त्या मंडळींबद्दल आदर आहे. ह्या जागेकडे हजारो लोकांचं लक्ष त्यांनी वेधलं, तेवढं गेल्या सत्तर वर्षांत कोणी केलं नव्हतं. पण ऊन खाली आणणं हा ह्या जागेचा सोपा प्रश्न आहे. अवघड प्रश्न वेगळे आहेत आणि ते बाहेरून दिसत नाहीत.

पहिला, शेजारी चालू रेल्वे आहे. तुम्हाला फलाटावरून टर्मिनस दिसतं ह्याचाच अर्थ मध्ये पूर्ण भिंत नाही. तिथे लोक आणायचे तर आग आणि धूर अडवणारी भिंत हवी, ती चालू रुळांच्या कडेला बांधायची म्हणजे काम फक्त रात्रीच्या आणि शनिवार-रविवारच्या गाडीबंदीत. असं काम मी केलं आहे. चार तासांची बंदी मिळते, त्यातला पहिला तास वीज तोडून अर्थिंग करण्यात जातो, शेवटचा तास माणसं-सामान मोजून बाहेर काढण्यात. हातात दोन तास उरतात. दुसरा, बाहेर पडायचे मार्ग. ट्रामच्या काळातले जिने आजच्या नियमांना पुरणार नाहीत, आणि नवे काढायचे तर वर डिलान्सी रस्त्यावर पुलाकडे जाणाऱ्या मोटारींचा लोंढा. तिसरा, छत म्हणजेच रस्ता. 1908 मध्ये त्यावरून घोडागाडी जात होती, आज मालाचे ट्रक जातात. प्रत्येक तुळई, प्रत्येक रिव्हेट, कमानीच्या सांध्यांतून झिरपलेलं पाणी कुठे गेलं आणि पोलाद किती खाऊन गेलं, हे तपासल्याशिवाय एकाही परवान्यावर कोणी सही करणार नाही, आणि करूही नये.

चौथा प्रश्न खांबांचा. टर्मिनसमध्ये खांब उभे राहतात ते रुळांनी मोकळ्या सोडलेल्या जागेत. आठ लूप बसवले की मोकळी राहिलेली जागा लूपांच्या सोयीची असते, दुकानाच्या, सभागृहाच्या किंवा बसच्या सोयीची नाही. बस वळायला ट्रामपेक्षा रुंद जागा घेते, कारण तिची मागची चाकं पुढच्यांच्या मागोमाग जात नाहीत, आतल्या बाजूला कापतात. म्हणून 'तिथे बस का नाही नेत' हा प्रश्न ऐकायला साधा, पण आराखड्यावर बसवायला जाल तर खांब आडवे येतात.

वॉशिंग्टनच्या डुपाँट सर्कलखाली 1949 ते 1962 ट्राम स्टेशन होतं. त्याचं पुढे अणुहल्ल्यापासूनचं आश्रयस्थान झालं, 1995 मध्ये खाद्यपदार्थांचं मार्केट झालं, ते वर्षभरही टिकलं नाही. 2016 पासून तिथे चित्रं आणि कलाप्रयोगांची जागा आहे, ती चालते आहे. माझा अंदाज असा की एसेक्स स्ट्रीटला काही झालंच तर त्याच वाटेने होईल: सगळी जागा एकदम नाही, एक कोपरा, थोडे लोक, पक्का दुसरा जिना. एकरभर बागेपेक्षा दोन लूपांएवढी उघडी जागा, रूळ आणि फरसबंदी जशीच्या तशी ठेवून, मला जास्त आवडेल. कागदावरून लूप समजावणं किती कठीण आहे ते आयुष्यभर विद्यार्थ्यांना शिकवताना अनुभवलं आहे. तिथे उभं केलं की दोन मिनिटांत कळेल.

तोवर तुम्ही असं करा. गर्दीच्या वेळी नको, रविवारी सकाळी जा. गाडी आली की तिच्या दिव्यांचा उजेड पलीकडच्या खांबांवरून सरकतो, तेवढ्यात मागच्या रांगा दिसतात. त्या गाडीत चढू नका, जाऊ द्या. ती निघून गेल्यावर डोळे अंधाराला सरावतात, मग खाली जमिनीकडे नजर टाका. फरसबंदीतून वळत गेलेली रेघ दिसली तर तो ट्रामचा रूळ. आणि वर आल्यावर बी-39 ची पाटी शोधा. 2010 मध्ये पैसे नाहीत म्हणून ती बस बंद केली होती, पुलापलीकडच्या म्हाताऱ्या माणसांची जिन्यांमुळे अडचण झाली, लोकांनी लावून धरलं आणि 2013 मध्ये ती परत आली. डिलान्सीला उतरणारी ट्रामची फेरी आज तीच करते. तिच्यात बसून पूल ओलांडा आणि विल्यम्सबर्गला उतरून मला कळवा, किती मिनिटं लागली.